विहिरीच्या पानावर ती काय म्हणत होती

बाई, तुमच्या वर्गात पाठ केलेल्या कविता मला अजून सगळ्या येतात, आणि तेच आता माझ्या अंगाशी आलं आहे. चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो. दूध आणायला म्हणून निघतो आणि किराण्याच्या दुकानासमोर जाऊन उभा राहतो, आपण कशाला आलो ते आठवत नाही. पण चौथीच्या पुस्तकातली पावसाची कविता डाव्या पानावर होती की उजव्या, तिच्या चित्रातल्या बैलाला एकच शिंग का दिसायचं, हे कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. इथं पांढुर्ण्यात लग्नाच्या पंगतीत, बसमध्ये, दाढी करताना न्हाव्यासमोर, जिथं जागा मिळाली तिथं मी कविता म्हटल्या. लोक म्हणायचे, काय पाठांतर आहे! या एका गोष्टीचा मला आयुष्यभर गर्व होता. तुम्हाला लिहायला बसलो आहे ते त्या गर्वानं काय केलं ते सांगायला.

सौंसरची ती खोली डोळ्यांसमोर येते. तुम्ही रामाकोन्याहून छोट्या रेल्वेगाडीनं यायच्या. गाडी उशिरा आली की आम्ही फाटकाशी उभे राहायचो आणि तुम्ही लांबून, छत्री काठीसारखी टेकत, झपाझप येताना दिसायच्या. भिंतीपलीकडं हिंदी शाळेचा वर्ग भरायचा, त्यांचे पहाडे आमच्या खोलीत ऐकू यायचे. आम्ही मराठीवाले त्यांच्याहून कमी, पण कवितेच्या तासाला आमचा आवाज भिंतीपलीकडं जायचा. तुमची एक पद्धत होती. तुम्ही ओळ म्हणायच्या आणि शेवटचा शब्द सोडून द्यायच्या. मग तळहात उघडा करून एखाद्या मुलापुढं धरायच्या, जणू काही शब्द त्याच्याकडून हातात घ्यायचा आहे. तो शब्द त्या मुलाचा. तो येईपर्यंत तुम्ही हात मागं घेत नव्हत्या. आमच्यात कापूसवाल्यांची एक मुलगी होती, दोन वेण्यांची. तिला वेळ लागायचा. ती आधी खाली पाहायची, मग वर पाहायची, ओठ हलवायची, आणि तेवढ्यात मागून माझा आवाज यायचा. मी शब्द सांगून टाकायचो. मला वाटायचं मी मदत करतो आहे. नाही, तेही खोटं. मला वाटायचं, मला येतं ते सगळ्यांना कळावं.

एक दिवस तुम्ही हात तसाच ठेवून माझ्याकडं वळलात. "तो शब्द तुझा नव्हता," तुम्ही म्हणालात. "तिले येत नाही असं नाही. तू येऊ देत नाही. खाली बस." तुम्ही कधी आवाज चढवत नव्हत्या, त्या दिवशीही चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं. मी फुगून घरी गेलो. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी म्हटलं, बाईंनी मला उगाच बसवलं, मला सगळं येत होतं तरी बसवलं. आईनं भाकरी उलटली आणि माझ्याकडं न पाहता म्हणाली, "बाई म्हणाली तं बरोबरच म्हणाली असन." त्या रात्री मी जेवलो नाही. चौथी संपली तेव्हा तुम्ही मला एक वही दिलीत, तुमच्या हातानं उतरवलेल्या कवितांची, कारण तेव्हा आमच्याकडं शाळेच्या पुस्तकाखेरीज मराठी पुस्तकं सहज मिळत नव्हती. मला वाटलं, बाईंनी आपली चूक कबूल केली. बघा, इतका मी शहाणा होतो!

पुढं मी तहसिलीत बाबू झालो. राज्य मध्य प्रदेश, त्यामुळं नोकरी सगळी हिंदीत गेली. आवेदन, प्रतिवेदन, नस्ती, दिवसभर तेच. संध्याकाळी घरी आलो की बूट काढता काढता एखादी कविता मोठ्यानं म्हणायचो, तोंडाची चव बदलावी म्हणून. मराठी माझ्याकडं उरली ती एवढीच, घरातली आणि तुमच्या वहीतली. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण कुठून सुरू झालं ते सांगायला हवं.

मला एक नात आहे, सहा वर्षांची. तिला ऐकू येतं, सगळं समजतं, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्तच समजतं. पण तिच्या तोंडाला बोलणं जमत नाही. हसते तेव्हा आवाज येतो, रडते तेव्हा येतो, शब्द होत नाही. मुलगा नागपूरला नोकरीला, शनिवारी येतो. सून इथं एका शाळेत शिकवते. तिनं पोरीला छिंदवाड्याला अशा मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एका मॅडमकडं नेलं आणि तिथून एक टॅब घेऊन आली, निळ्या रबराच्या जाड कव्हरातला. त्यात एक ॲप आहे. चित्रांचे चौकोन असतात, पाणी, आई, भूक, दुखणं, आणखी, थांबा, भीती. बोटानं चौकोन दाबला की आतली बाई तो शब्द बोलते. हिंदीत बोलते. मॅडम हिंदी, पुढं शाळाही हिंदीच, म्हणून सुनेनं तसंच ठेवलं. पोरीनं घरात सगळ्यात पहिला शब्द दाबला तो "और". पोळीचा तुकडा पाहिजे होता तिला. सून हातातलं ताट ठेवून रडायलाच लागली. आणि मी काय म्हणालो असेन, बाई? मी म्हणालो, "मराठीत नाही का बोलत ही बया?"

"बाबा," सून म्हणाली, "तिले आधी काही तं बोलू द्या."

मॅडमनं सांगितलं होतं, गोष्टीचं पुस्तक वाचताना टॅब शेजारी उघडा ठेवायचा. थोडं वाचायचं, थांबायचं, ती काय दाबते ते पाहायचं, मग पुढं जायचं. दुपारी सून शाळेत असते, घरी आम्ही दोघंच, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. सुनेनं मला दोनदा समजावलं. मी म्हटलं, "कवितेत मधी मधी थांबलं तं चाल राह्यते का?" ती हसली. "चाल नाही राह्यली तं नाही राह्यली, बाबा. पोरगी राह्यली पाह्यजे." मला ते गमतीचं वाटलं. मी ते मुलाला फोनवर सांगितलंसुद्धा.

पुस्तक मुलानंच नागपूरहून आणलेलं, एका करडाची गोष्ट, सगळी यमकात. आईला न सांगता करडू बाजाराला जातं, हरवतं, विहिरीत पडतं, मग निघतं. दिवाळी झाली होती, दुपारी अंगणात ऊन चांगलं असायचं. मी खुर्चीवर, ती माझ्या पायाशी सतरंजीवर, मांडीवर टॅब. मी पहिल्या दिवशी घसा साफ करून सुरू केलं: "करडू निघालं बाजाराला, कुणी न सांगितलं त्याच्या..." आणि तुमच्यासारखा शेवटचा शब्द सोडला, हात पुढं केला. तिनं बोट टेकवलं. टॅब म्हणाला, "और." मी पुन्हा ओळ घेतली. टॅब म्हणाला, "और. बकरी. और." बसस्टँडवर गाडी लागल्याची घोषणा होते ना, तसं माझ्या ओळीवर येऊन पडायचं. मला सहन झालं नाही. टॅबच्या कडेला एक बटण असतं. ते दाबत गेलो तशी पडद्यावरची रेघ आखूड होत होत संपली. एवढं सोपं होतं. पोरीनं पुन्हा बोट टेकवलं. काही आलं नाही. तिनं टॅब उचलून कानाला लावला. मग हलवला. मग पुन्हा दाबलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "इकडं पाह्य. पुस्तकात पाह्य."

बाई, हे मी एक दिवस केलं नाही. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रोज केलं. चारला आवाज बंद करायचो आणि सून पाचला येते म्हणून पावणेपाचला पुन्हा चढवून ठेवायचो. मी हात पुढं करून शब्दाची वाट पाहायचो, पण तिच्या तोंडाकडं पाहायचो. एक दिवस तोंडातून निघेल असं मनात होतं, आणि तो शब्द मराठी असेल, आणि माझ्यामुळं निघाला म्हणून लोक सांगतील. निघाला नाही की मीच म्हणून टाकायचो. विहिरीचं पान आलं की मी तर रंगातच यायचो. चित्रात काळी विहीर आहे आणि खाली दोन पांढरे डोळे. मी आवाज खोल करायचो, घागरीत तोंड घालून बोलावं तसा: "विहीर काळी, विहीर खोल, वरून कुणीतरी करडाशी..." आणि थांबायचो. त्या पानावर तिची बोटं भराभर चालायची, टक टक टक टक. मला वाटायचं ती ठेका धरते आहे. मी मुलाला फोनवर सांगितलं, "पोरगी ताल धरते रे!" तो म्हणाला, "तुमच्यावर गेली." मी दोन दिवस त्या वाक्यावर काढले.

संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले होते. त्या दिवशी माझा डोळा लागला आणि आवाज चढवायचा राहिला. जाग आली तेव्हा सून दारात, खांद्याला अजून पर्स, आणि पोरगी तिच्यासमोर टॅब धरून दाबते आहे, दाबते आहे, काही ऐकू येत नाही. सुनेनं आवाज पाहिला. चढवला. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं ॲपमधली यादी उघडली. मला माहीतच नव्हतं की अशी यादी असते. वापरणाऱ्या लेकरानं कोणता चौकोन किती वाजता दाबला ते सगळं त्यात राहतं, मॅडमला दाखवायला. सून उभ्या उभ्याच वाचायला लागली. आधी मनात. मग मोठ्यानं.

"चार दहा. रुको. डर. डर. बस. बंद. डर." ती बोट खाली खाली सरकवत गेली. "काल चार बारा. रुको. डर. डर. माँ. परवापण. बाबा, ही रोज याच टाइमले डर म्हणून राहिली. काय होते यावेळी?"

काय होतं ते मला कळलं होतं. पाठ होतं मला, कितवं पान. मी म्हटलं, "गोष्ट वाचतो आम्ही."

"अन् तुम्हाले आयकू नाही आलं?"

मी म्हटलं, "कानाले कमी येते आताशा."

बाई, हे वाक्य माझ्या तोंडातून इतक्या सहज निघालं की मला स्वतःलाच खरं वाटलं. सुनेचा चेहरा एकदम मऊ झाला. मग तिनं पोरीकडं पाहून साधंच विचारलं, रागावून नाही, "आवाज कोणी बंद केला गं?" पोरीनं टॅब मांडीवर घेतला. आरामात, एकेक चौकोन शोधून दाबला. "आबाजी," टॅब म्हणाला. मग "आवाज". मग "बंद". माझं नाव त्या यंत्रात सुनेनंच घालून ठेवलेलं होतं, आबाजी म्हणून, चौकोनात माझा फोटो, टोपी घातलेला. आता सून माझ्याकडं पाहत होती. पोरगीही पाहत होती. तिनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाबद्दल काही सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. मी म्हटलं, "तिले काय समजते. बोट लागलं असन कुठंतरी."

सुनेनं माझं ऐकलं. मोठा माणूस म्हणतो आहे म्हटल्यावर ऐकलं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "बटनाशी खेळायचं नाही, बेटा." पोरीनं टॅब उलटा करून सतरंजीवर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं त्याला हात लावला नाही. पाणी पाहिजे असेल तर माठापाशी जाऊन उभी राहायची. भूक लागली तर सुनेचा पदर ओढायची. अकरा दिवस. करडाचं पुस्तक तिनं दिवाणाखाली सारलं, मी ते काढायला वाकलो तर दुसऱ्या खोलीत निघून गेली. सुनेनं मॅडमना फोन लावला. मॅडमचा आवाज मला इथवर ऐकू येत होता: "घर में इसकी बात मानी जाती है न? बच्चा एक बार देख ले कि बोलकर कुछ नहीं होता, तो फिर क्यों बोलेगा?" सून म्हणाली, मानतो ना मॅडम, सगळे मानतो. टॅब त्यांच्याकडचा होता, वापरून पाहायला दिलेला, आणि दुसरी मुलं वाट पाहत होती. महिन्याच्या शेवटी परत करायचा की ठेवायचा ते ठरणार होतं. शनिवारी मुलगा आला, त्यानं पाहिलं, म्हणाला, "नाही जमत तं देऊन टाकू. जबरदस्ती काऊन करता?" सून भांडी घासत होती, घासतच राहिली. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी पेपर उलटला.

काल सकाळी, शाळेला सुट्टी म्हणून सून घरीच होती, स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी फ्रिजवरून टॅब काढला, चार्जिंग होतं, आवाज पूर्ण चढवला आणि पोरीशेजारी सतरंजीवर बसलो. खाली बसायला मला वेळ लागतो, गुडघे धरावे लागतात. ती उठून गेली नाही, एवढंच. मला चौकोन सापडेनात. इतके दिवस शेजारी बसून मी ते कधी पाहिलेच नव्हते. पहिलं दाबलं तर केळ्याचं चित्र, "केला". पोरगी फस्सकन हसली. मग माझा टोपीवाला फोटो सापडला. "आबाजी." मग किती तरी वेळ काहीच नाही. मी एक पान उघडतो, त्यात फळं, दुसरं उघडतो, त्यात कपडे. ती माझ्या बोटाकडं पाहत होती, चेहऱ्याकडं नाही. तिला माहीत होतं कुठं आहे ते. तिचा हात एकदा पुढं आला, आणि तिनं तो मागं घेऊन स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवला. मला सांगून टाकू नये म्हणून, बाई. सहा वर्षांची पोर!

सापडलं शेवटी. "आवाज." "बंद." आणि मग पुन्हा माझा फोटो, आणि "गलत". घरभर घुमलं. त्याच हिंदी बाईच्या आवाजात. स्वयंपाकघरातला परातीचा आवाज थांबला. सून दारात आली, कोपरापर्यंत कणीक.

"बाबा? तुम्ही केला होता?"

मी मान हलवली, हो म्हणून.

ती मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती पोरीसमोर उकिडवी बसली, कणकेचे हात लांब धरून, आणि म्हणाली, "तू खरं सांगितलं होतं, माय. मीच मानलं नाही." पोरीनं टॅब माझ्याकडून ओढून घेतला. "हाँ," तिनं दाबलं. सुनेकडं पाहिलं. "हाँ." मग माझ्याकडं पाहिलं. "हाँ. हाँ. हाँ. हाँ." खिळा ठोकावा तशी ठोकत राहिली. शेजारची म्हातारी कुंपणावरून डोकावून गेली. आम्ही कुणी तो आवाज कमी केला नाही.

जेवताना तिनं "और" दाबलं, दोनदा. सुनेनं फक्त वाढलं. टॅब आता ठेवायचा असं तिनं मॅडमना कळवलं आहे. पुस्तक दिवाणाखालीच आहे. मी ते काढलेलं नाही. आज दुपारी चार वाजले, ऊन अंगणात आलं, ती तिथं खडे मांडून बसली होती आणि मी खुर्चीवर नुसता बसून राहिलो. किती अवघड असतं ते. जिभेवर ओळी येतात, गिळून टाकाव्या लागतात.

बाई, हे पत्र कुठं टाकणार मी? तुमच्या घरचं कुणी आता त्या बाजूला राहत नाही. पण खरी अडचण ती नाही. तुम्ही असता तर मी हे लिहिलंच नसतं, तुम्ही शेवटपर्यंत वाचून एकच प्रश्न विचारला असता, घरी सगळं सांगितलंस का? काल संध्याकाळी सून भांडी लावता लावता म्हणाली, "एक दिवस झाली चूक, जाऊ द्या बाबा. बाकी दिवस तं आवाज चालू होता ना, तुम्हाले आयकू नाही आलं त्याले तुम्ही काय करान." तिनं मुलाला सांगून मंगळवारी नागपूरला कानाच्या डॉक्टरकडं नंबर लावला आहे. कालपासून दोघं, ती समोर आणि तो फोनवर, माझ्याशी जोरजोरात बोलतात, शब्द तोडून तोडून, काळजीनं. मी "काय?" म्हणून हात कानामागं नेतो. माझे कान अगदी चांगले आहेत, बाई.